खरं सांगायचं तर...

‘खरं सांगायचं तर’ अशी ज्या वाक्याची सुरुवात होते, त्या वाक्याच्या पुढच्या भागावर फारसा विश्वास ठेवू नये, असं माझं पंचाहत्तरीनंतरचं मत आहे. ‘खरं सांगायचं तर मला अजिबात भूक नाही’ असं म्हणत पाटावर बसलेल्या एका पाहुण्यानं चार पुरणपोळ्या उडवल्याचं मला चांगलं आठवतं. ‘खरं सांगायचं तर मुलगी आम्हाला पसंत होती, पण पत्रिका जमेना’ हे वाक्य तर आपल्याकडे घरोघर छापून ठेवल्यासारखं तयार असतं. तेव्हा वाचकहो, या लेखाचं शीर्षक वाचूनच तुम्ही सावध झाला असाल, तर तो दोष तुमचा नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खरं बोललो तो इयत्ता चौथीत. आणि त्याची जबाबदारी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर आहे. आमचे वडील, म्हणजे अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि चौथीचा वर्ग त्यांच्याकडेच होता. एका दुपारी त्यांनी वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली. लहानग्या जॉर्जला कुऱ्हाड मिळते, तो बापाचं लाडकं चेरीचं झाड तोडतो, बाप जाब विचारतो, पोरगा खोटं न बोलता कबूल होतो आणि बाप रागावायचं सोडून त्याला पोटाशी धरतो. चेरी म्हणजे काय, हे वर्गात मास्तरांसकट कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही बोरीचं झाड समजून चाललो.

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून शाळेच्या हजेरीपटावर दौत सांडली. ‘कोणी सांडली?’ असा प्रश्न आला. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मास्तर, मी.’ वॉशिंग्टनच्या वडिलांनी पोराला पोटाशी धरलं होतं. आमच्या वडिलांनीही मला धरलं, पण कानाला. शाळेत मास्तर म्हणून एकदा आणि घरी वडील म्हणून पुन्हा एकदा.

ही गोष्ट घडलीच नव्हती, हे मला कळायला साठाहून अधिक वर्षं जावी लागली. दौतीची घडली होती. चेरीची म्हणतोय मी.

आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. अमेरिकेत गेलेल्या आजीआजोबांना तिथे काय काम असतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. सौ. भाजणी भाजते आणि धूर झाला की छताला लावलेला भोंगा बोंबलतो. आजोबांकडे बाहेरची खाती येतात : टपाल आणणं, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलणं आणि नातीला वाचनालयात घेऊन जाणं. नात दहा वर्षांची. मला ‘तू’ म्हणते. पहिले आठ दिवस मला ते खटकलं. नंतर लक्षात आलं, की ज्या भाषेत ती दिवसभर वावरते, तिथे राष्ट्राध्यक्षालासुद्धा ‘तू’च असतं.

एका रात्री तिनं दात न घासता ‘घासले’ म्हणून सांगितलं. मी संधी साधून अण्णांच्या ठेवणीतला वॉशिंग्टन बाहेर काढला. तिनं पूर्ण गोष्ट ऐकली आणि विचारलं, “आजोबा, हे कोणी पाहिलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे जॉर्ज आणि त्याचे बाबा दोघंच होते ना? मग लिहिलं कोणी?”

असा प्रश्न आमच्या चौथीच्या वर्गात कोणी विचारला असता, तर त्याचा कान माझ्या आधी धरला गेला असता. पण इथे दुसऱ्या दिवशी ती मला हाताला धरून वाचनालयात घेऊन गेली आणि तिथल्या पुस्तकात लिहिणारा सापडला. मेसन लॉक वीम्स नावाचा एक पाद्री होता. तो गावोगाव पुस्तकं विकत हिंडे. वॉशिंग्टन १७९९च्या डिसेंबरात वारले आणि १८०० सालीच या गृहस्थांनी त्यांचं चरित्र बाजारात आणलं. ते हातोहात खपलं. मग आवृत्त्या निघत गेल्या, आणि १८०६ सालच्या पाचव्या आवृत्तीत चेरीचं झाड उगवलं. त्या झाडाला दुसऱ्या कुठल्याही कागदपत्राचा आधार नाही. थोडक्यात, पोरांनी खोटं बोलू नये म्हणून एका धर्मोपदेशकानं एक गोष्ट रचली, ती दोन शतकं जगभर खरी म्हणून सांगितली गेली आणि तिच्यापायी सातारा जिल्ह्यातल्या एका खऱ्या बोलणाऱ्या मुलाचा कान पिरगाळला गेला.

एवढी चौकसबुद्धी या पोरीला कुठून आली, याचा मी तपास केला. आमच्या घराण्यातून नक्कीच नाही. ती आली होती तिच्या उशाशी असलेल्या पातळ पातळ पुस्तकांतून. लेखिका : जीन फ्रिट्झ.

या बाईंचा जन्म १९१५ साली चीनमधल्या हांकौ शहरातला. आईवडील अमेरिकन मिशनरी. बालपण सगळं चीनमध्ये, आणि शाळा ब्रिटिशांची. तिथे रोज राजाला आयुष्य चिंतणारं इंग्लंडचं राष्ट्रगीत म्हणावं लागे. ही पोरगी अमेरिकन, ती म्हणेना. शेवटी वडिलांनी तोड काढली : त्याच चालीवर अमेरिकेचंही एक गाणं आहे; बाकीचे त्यांचे शब्द म्हणोत, तू आपले म्हण. लांब बसून ज्या देशाचा ध्यास घेतला, त्या देशाच्या इतिहासावर पुढे बाईंनी मुलांसाठी पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. १९८६ साली त्यांना बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीबद्दलचा लॉरा इंगल्स वाइल्डर पुरस्कार मिळाला, २००३ साली अमेरिकेचं राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळालं, आणि १०१ वर्षांचं आयुष्य जगून २०१७ साली त्या गेल्या.

बाईंचं एक व्रत होतं. मुलांसाठी चरित्र लिहिताना कुणाच्याही तोंडी रचलेलं वाक्य घालायचं नाही. पत्रात, रोजनिशीत, कागदपत्रात सापडलं तरच त्या माणसानं तोंड उघडायचं. नाहीतर त्यानं गप्प बसायचं. मुलांच्या चरित्रांतून थोर माणसं सर्रास फर्डं बोलत होती, त्या काळात हे व्रत एकादशीसारखं सोपं नव्हतं.

आता पॉल रिव्हिअरचंच घ्या. बॉस्टनचा हा चांदीकाम करणारा माणूस १८ एप्रिल १७७५च्या रात्री घोड्यावर बसून ‘इंग्रजांचं सैन्य निघालं’ म्हणून गावं जागी करत गेला. १८६० साली लाँगफेलो या कवीनं त्याच्यावर कविता रचली आणि अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ती पाठ केली. कवितेत रिव्हिअर एकटाच कॉन्कॉर्डपर्यंत पोचतो. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर आणखी दोघं होते आणि रिव्हिअर वाटेतच इंग्रजांच्या हाती सापडला. कॉन्कॉर्डला पोचला तो तिसराच. जीन फ्रिट्झ यांच्या १९७३ सालच्या पुस्तकात रिव्हिअर पकडला जातो. इतकंच नव्हे, तर अशा ऐतिहासिक रात्री तो घोड्याला टोचायचे बुटाचे काटे घरीच विसरतो आणि त्याचा कुत्रा ते घेऊन येतो. नातीला रिव्हिअर आवडतो तो त्या काट्यांमुळे. तीही रोज काहीतरी विसरते.

त्यांचं दुसरं एक पुस्तक १९६९चं. त्यातल्या मुलाचं नावच जॉर्ज वॉशिंग्टन अ‍ॅलन. वॉशिंग्टन सकाळी न्याहारीला काय खात, एवढाच प्रश्न त्याला छळत असतो. आजी म्हणते, तू शोधून काढ, मी करून घालते. पोरगा सारी पुस्तकं पालथी घालतो, थेट वॉशिंग्टनच्या घरी जाऊन येतो आणि अखेर उत्तर मिळवतो : मक्याच्या पिठाच्या तीन छोट्या भाकऱ्या आणि तितकेच कप चहा. आजी बिचारी शब्दाला जागते. चेरीच्या झाडानं मला जे वॉशिंग्टन दिसले नव्हते, ते या तीन भाकऱ्यांनी दिसले. सकाळी उठून भाकरी खाणारा माणूस आपल्याला परका वाटत नाही.

तरीही बाईंचं व्रत मला मान्य नव्हतं. मी वाढलो तो जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकांवर. त्या नाटकांतले सरदार पोटात तलवार गेल्यावरही पाऊण पान बोलत आणि आम्ही मांडीवर थापा मारून ‘वन्स मोअर’ द्यायचो. सरदार उठून पुन्हा मरायचे. बोलण्याशिवाय इतिहास म्हणजे मिठाशिवाय आमटी. पोरांना थोडं मीठ घातलं, तर बिघडलं काय? ज्याच्या तोंडी वाक्य घातलं तो मेलेला, ज्याला ऐकवलं तो खूष. नुकसान कोणाचं?

या प्रश्नाचं उत्तर मला नातीच्या शाळेनं दिलं. ‘आपल्या एका पूर्वजाची गोष्ट लिहून आणा’ असा तिथे प्रकल्प निघाला. मी हात चोळले. अण्णांची गोष्ट माझ्याकडे तयार होती.

गोष्ट १९४३ सालातली. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार सुरू होतं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. भूमिगत कार्यकर्ते उसाच्या फडात लपत, रात्री गावात येत. असाच एक तरुण एका रात्री आमच्या घरी आला. पाठोपाठ घोड्यावर बसून फौजदार आणि बारा पोलीस. अण्णा दारात छाती काढून उभे राहिले आणि गरजले, “फौजदारसाहेब, हा मास्तर मुलांना खरं बोलायला शिकवतो. घरात पाहुणा आहे, हे खरं. आणि माझ्या देहावरून गेल्याखेरीज तो तुम्हाला मिळणार नाही, हेही खरं!” फौजदारानं खाली मान घातली आणि तो चालता झाला.

मी थांबलो. डोळे किंचित ओलावले होते. इथे ते नेहमीच ओलावतात. नातीनं पेन्सिल खाली ठेवली.

“आजोबा, तू तिथे होतास?”

“मी? माझा जन्म एकोणपन्नासचा.”

“मग हे कोणी ऐकलं?”

“घराण्यात सांगत आलेत,” मी म्हणालो. “तुझ्या त्या रिव्हिअरच्या कुत्र्याची गोष्टही त्याच्या घराण्यातच सांगत आलेत. ती चालते, मग आमची का नाही?”

“पण तो कुत्रा बोलत नाही,” ती म्हणाली.

वाचकहो, खरं सांगायचं तर (या खेपेला विश्वास ठेवा) ‘घराण्यात’ म्हणजे फक्त मी. लहानपणी कुठेतरी एवढंच कानावर पडलं होतं, की त्या दिवसांत आपल्या घरी कोणीतरी आलं होतं. पहिल्यांदा मी ही गोष्ट कॉलेजात मित्रांना सांगितली, तेव्हा फक्त एक हवालदार होता. लग्नानंतर सासुरवाडीला सांगितली, तेव्हा फौजदार झाला. पोलीस दोनांचे बारा झाले ते मुलगी शाळेत गेल्यावर. घोडा मी १९९८ साली घातला. ते वाक्य कधी आलं, हे मलाही सांगता येणार नाही. आता तर मला ते अण्णांच्या आवाजात ऐकू येतं.

नात म्हणाली, “तेव्हा कोण होतं?”

होती. आमची थोरली बहीण, अक्का. तेव्हा सहा वर्षांची, आता अठ्ठ्याऐंशीची. कऱ्हाडला असते. इथली संध्याकाळ म्हणजे तिची पहाट. ती पहाटे चारला उठून बसलेलीच असते. फोन लावला. अक्का फोनवर अशी ओरडून बोलते, की मध्ये फोन नसता तरी न्यू जर्सीला ऐकू आलं असतं. मी प्रस्ताव मांडला. पलीकडे जरा वेळ शांतता.

“कसला फौजदार?” अक्का म्हणाली. “आपल्या गावाला फौजदार कशाला येतोय? पोरगा आला होता एक. मिसरूडही नव्हतं फुटलं. मागच्या दारी.”

“आणि अण्णा?”

“अण्णा आतल्या खोलीत. दिवा विझवून बसले होते. घाबरले होते रे. लोकल बोर्डाची नोकरी, घरात पाच तोंडं. आईनंच दार उघडलं. चुलीजवळ तीन भाकरी होत्या, त्या कांदा घालून फडक्यात बांधून दिल्या. तिसरी माझी होती. मी रडायला लागले तर माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणून तर आठवतंय. रात्रभर मी उपाशी!”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. आई १९९१ साली गेली. मी ओसरीवर बसून पाहुण्यांना ही गोष्ट सांगत असे, तेव्हा ती आत स्वयंपाकघरात चहा करत असायची. मधे फक्त एक भिंत. पोलिसांची संख्या तिच्या कानांदेखत वाढत गेली. तिनं एकदाही बाहेर येऊन म्हटलं नाही, की अरे, दार मी उघडलं होतं. चहाची ट्रे ठेवून ती परत आत जायची. आणि मी, जत्रेतल्या नाटकासारखा, ‘वन्स मोअर’ घेत होतो.

नुकसान कोणाचं, असं मी विचारत होतो. अण्णांना मी जे वाक्य दिलं, ते आईच्या भाकऱ्या काढून घेऊन दिलं होतं. बरं, अण्णांचाही त्यात फायदा झाला नाही. दिवा विझवून बसलेला तो घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी शाळेत गेला, आणि घरी कोण आलं होतं हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोर्डात बढतीसुद्धा मिळाली असती. त्यांनी जे काही केलं होतं, ते तोंड बंद ठेवून केलं होतं. नेमकं त्याच तोंडात मी भाषण कोंबलं.

हे सगळं पटलं तरी मन कसं असतं पाहा. मी नातीला म्हणालो, “पणजीच्या भाकऱ्यांचं लिही. पण पणजोबा घाबरले होते, हे लिहायलाच हवं का?”

“ते खोटं आहे?”

“नाही.”

“मग?”

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, अक्का तरी तेव्हा सहा वर्षांची. ऐंशीहून अधिक वर्षं झाली. तिला आठवतंय तेच खरं कशावरून? तुझ्या जीनबाईंच्या नियमात हे बसतं का?

नात विचारात पडली आणि तिनं बाईंचंच आणखी एक पुस्तक आणून दिलं. १९८२ साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक त्यांच्या चीनमधल्या बालपणाविषयी आहे. त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, न्यूबेरी सन्मानही मिळाला. आणि गंमत म्हणजे तो राष्ट्रीय पुरस्कार मिळाला मुलांच्या कादंबऱ्यांच्या विभागात! पॉल रिव्हिअरच्या तोंडी एक शब्द न घालणाऱ्या बाईंनी स्वतःच्या बालपणाला मात्र कल्पित कथा म्हटलं. कारण प्रस्तावनेत दिलं आहे : साऱ्या बालपणातले प्रसंग त्यांनी दोन वर्षांत आणून बसवले, आणि आठवणी काही काटेकोर क्रमानं येत नाहीत. प्रसंग मुळात खरे. पण तंतोतंत खरे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, म्हणून नाव कथा.

मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो, आणि ‘साखर’ लिहिलेल्या बरणीत मीठ. सौ.ला सगळं ठाऊक असतं, म्हणून तिचं अडत नाही. पण एकदा ती माहेरी गेली असताना मी पाहुण्यांना चहा केला होता. साखर वाईट नाही, मीठही वाईट नाही. बरणीवरची चिठ्ठी तेवढी बघायला हवी. जीनबाईंना गोष्टी रचता येत नव्हत्या असं नाही. रचलेल्या बरणीवर त्या चिठ्ठी बरोबर लावत, इतकंच. वीम्स पाद्र्यानं झाड लावलं ते ‘चरित्र’ लिहिलेल्या बरणीत. आणि मीही.

नातीनं शेवटी लिहिलं त्याचा अर्थ असा : ‘माझ्या आजोबांची बहीण तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आठवतं ते असं.’ पुढे पोरगा, मागचं दार, विझवलेला दिवा, घाबरलेले पणजोबा, पणजीचा हात आणि तीन भाकऱ्या. पानाच्या तळाशी तिनं एक टीपही दिली : ‘आजोबांच्या गोष्टीत घोडा आहे. तो नंतर आला.’

प्रकल्पाच्या दिवशी सौ.नं, त्या पुस्तकातल्या आजीसारखीच, ज्वारीच्या तीन भाकऱ्या थापल्या. छताचा भोंगा बोंबलला. भाकऱ्या आणि कांदा कागदात गुंडाळून नात शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी आली तेव्हा कागद रिकामा होता. मी विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं मुलांना?

“तिसरी भाकरी,” ती म्हणाली. “सगळे विचारत होते, मग त्या मुलीनं रात्री काय खाल्लं?”

हा प्रश्न मी कधी अक्काला विचारला नव्हता. आता विचारायचा आहे. म्हणजे अर्थात, तिथली पहाट झाली की.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखाच्या सुरुवातीला पुरणपोळ्या खाणाऱ्या पाहुण्याचा उल्लेख आला आहे. त्यानं चार नव्हे, दोनच पोळ्या खाल्ल्या होत्या. आणि तो पाहुणा मीच होतो.